मुक्याची कवळी

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद लिहिणार होते, पण अकरा वर्षांत तू ते मागितलेले नाहीस. म्हणून इथे वरती ठेवून देते, हवे तेव्हा उचल.

माझं अक्षर पाहून वाटलं असेल, ताईचं काही बरंवाईट झालं की काय. ताईची तब्येत ठणठणीत आहे. ताईवर खटला चालू आहे.

हसू नकोस. संघटित गुन्हेगारीला साहाय्य केल्याचा आरोप आहे. माझ्यावर, जी रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा होईपर्यंत उभी राहते. आरोपपत्रात माझं नाव सातवं आहे. माझ्या वरची सहा नावं वाचली तर त्यांच्याबरोबर एका लिफ्टमध्येसुद्धा चढायची माझी छाती होणार नाही.

तुझ्याकडे इथल्या बातम्या येत नसतील म्हणून सांगते. इथे एक टोळी आहे आणि तिच्या म्होरक्याला लोक मुका म्हणतात. तरुणपणी मारामारीत त्याचे वरचे सगळे दात गेले, तेव्हापासून तो बोबडा झाला. त्याची लाज वाटून तो चारचौघांत तोंडच उघडत नसे, खुणेने सांगे. नोव्हेंबरात तो पकडला गेला. तुरुंगाच्या डॉक्टरने त्याची कवळी काढून पाहिली, तर आतल्या बाजूला टाळूवर बारीक आकडा कोरलेला होता, चारशे बारा. बाबांची पद्धत तुला आठवतच असेल. प्रत्येक कवळीवर आकडा घालायचा, म्हणजे कुठे हरवली तरी ती आपल्याकडे परत येते. ही परत आली, पण सोबत आठ पोलीस घेऊन.

त्यांनी पंचनामा करून फळीवरचे माझे सगळे प्लास्टरचे साचे पोत्यांत भरून नेले. माणसांच्या जबड्यांनी भरलेली ती पोती उचलताना एक शिपाई चांगलाच घाबरला होता. मला तीन आठवडे आत ठेवलं आणि मग जामीन मिळाला. आता दर सोमवारी ठाण्यात हजेरी.

सरकारचं म्हणणं असं की मी त्याला नवं तोंड आणि नवी वाचा देऊन लपायला मदत केली. माझं म्हणणं असं की मी त्या माणसाला कधी पाहिलेलंच नाही. दवाखान्यातून खोक्यात ठसा येतो, त्याबरोबर चिठ्ठी येते, मी कवळी करून पाठवते. कारागिराने तोंड बघायचं नाही, हा आपल्या धंद्याचा रिवाज. तो तुझ्याइतका कोणाला माहीत असणार?

म्हणूनच हे पत्र. कोर्टाने मला एक वकीलबाई दिली आहे. तरुण आहे, हुशार आहे, डाव्या बाजूने चावत नाही. तिथली खालची दाढ किडली असणार. ती म्हणते, मला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या एखाद्या दंतवैद्याने प्रतिज्ञापत्रावर एवढंच लिहून द्यावं की कारागीर पेशंटला भेटत नाही. मी ज्यांच्यासाठी दहा-दहा वर्षं काम केलं त्या डॉक्टरांना विचारून झालं. सगळ्यांची दातखीळ बसली आहे. उरलास तू.

भांडण आहे ते आहेच. पण आपलेच दात नि आपलेच ओठ, जाऊ कुठे?

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी म्हणते. वकीलबाई काहीच म्हणत नाही, आणि ती एरवी गप्प बसणारी नाही.

सोमवारची हजेरी आता अंगवळणी पडली. ठाण्यात शिरल्यावर उजवीकडे एक बाक आहे, त्याचा एक पाय आखूड. तिथे तास-दीड तास बसायचं, मग वहीत सही करायची. सही घेणारा हवालदार परवा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, माझ्या आईची कवळी जेवताना सारखी पडते हो."

मी विचारलं, "वरची की खालची?"

"खालची."

"खालची आणखी कुठे पडणार?"

तो आधी गोंधळला, मग असा हसला की साहेबांनी दार उघडून पाहिलं. मी त्याला सांगितलं की ती पडत नसणार, जिभेने उचलली जात असणार. कडा थोडी घासून घ्यायला हवी, आण माझ्याकडे. मग दोघांच्याही लक्षात आलं की तसं आणता येणार नाही. आठवडाभरात मी कोणाशी बोलले ते एवढंच.

खोली तशीच आहे. खिडकीखाली टेबल, त्यावर मेणाचा दिवा, बाबांच्या कोरण्या, कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र. फक्त फळ्या रिकाम्या झाल्या, आणि त्यांच्यामागची भिंत किती कळकट होती ते आता दिसतं. काम येणं बंद आहे. सवयीने सकाळी नऊला एप्रन बांधते आणि सहाला सोडते. मधल्या वेळात मेण वितळवते आणि थंड होऊ देते.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. तुझ्याशी खोटं बोलून प्रतिज्ञापत्र मागणं बरं नाही, म्हणून आता लिहिते. तो माणूस एकदा इथे आला होता.

ठसा कुठल्याच दवाखान्यातून आला नव्हता. गेल्या वर्षी मार्चमध्ये दुपारी दार वाजलं. बाहेर पन्नाशीचा एक नीटनेटका माणूस उभा. त्याने रुमाल उलगडून जुनी कवळी माझ्यापुढे धरली. धाकट्या, काय ती कवळी! पुढचे दात ओठाबाहेर, टाळूला बोटभर जाड थर, एक बाजू उंच, एक बाजू खाली. ज्याने ती केली त्याला समोर उभं करून तीच घालायला लावावी. तो काहीतरी म्हणाला, पण तोंडातून शिट्टीच जास्त आली. मी त्याला सांगायला हवं होतं की डॉक्टरकडे जा, मला तोंडात हात घालायची परवानगी नाही. पण वाईट काम पाहिलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मी ते काम घेते. जित्याची खोड. मी म्हटलं, "बसा."

नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो कोण हे मला माहीत नव्हतं. एकदाच आला होता.

तुझी
ताई


८ मार्च

प्रिय धाकट्या,

हे तिसरं पत्र. पोस्टाच्या खिडकीवरची बाई आता माझ्याकडे न बघताच तुझ्या देशाचं तिकीट काढते.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. तू इथे होतास तेव्हा तुझ्या दवाखान्यात मागच्या खोलीत मी चौदा वर्षं बसले. तू पुढे ठसे घेतलेस, मी मागे दात केले. आणि एके दिवशी मी पडदा सारून बाहेर आले आणि खुर्चीत बसलेल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला, तुझ्यादेखत, म्हटलं की डॉक्टरांनी तुमच्या चाव्याचं माप चुकीचं घेतलं आहे, या कवळीने तुम्हाला जन्मात जेवता येणार नाही. बाहेर सहा पेशंट बसले होते. तू म्हणालास, "ताई, तुझी जागा आत आहे." मी एप्रन सोडून खुंटीला लावला आणि निघून आले.

माप चुकीचंच होतं. पण ते पडद्याआड बोलायला हवं होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तुला सांगायला अकरा वर्षं लागली. आपल्या घरात माफी मागायची वेळ आली की सगळ्यांना अचानक दुसरी कामं आठवतात, बाबांपासून तसंच आहे.

आणि तो एकदा आला होता असं मी लिहिलं, तेही खरं नाही. बरेचदा आला.

कवळी बसवली की काम संपत नाही, हे तुला मी काय सांगू? पुढच्या दातांमागे, जिथे जिभेचं टोक टेकतं, तिथे केसभर जास्त झालं तर माणूस बोबडा, केसभर कमी झालं तर शिट्टी. तुम्ही डॉक्टर लोक सांगता, होईल सवय, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावता. बाबा तसं करत नसत. तिथे मेण लावायचं, माणसाला बोलायला लावायचं, खरवडायचं, पुन्हा बोलायला लावायचं. बाबांनी त्यासाठी रचलेलं वाक्य आठवतं? "सावकाश शोध, सासूबाई, सोनसाखळी सापडेल." मी ते त्याला दिलं. पहिल्या दिवशी सासूबाईंची पार वाट लागली. तो स्वतःच हसला, हात तोंडावर धरून.

मग तो दर पंधरा दिवसांनी यायला लागला, दुपारी तीनच्या सुमाराला. आधी वाक्यं म्हणायचा. नंतर नुसतं बोलायचा. तीस वर्षं माणूस बोलला नाही तर आत किती साठतं! लहानपणी त्याला रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा पुकारणारा व्हायचं होतं. ते तो मला करून दाखवायचा, सगळी स्टेशनं क्रमाने. मी खरवडत बसायची आणि मध्येच म्हणायची, हं, ते पुन्हा म्हणा.

तो माझ्याबद्दलही विचारायचा. घरी कोण असतं, भाऊ काय करतो. माझा भाऊ काय करतो हे किती वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी तुझं भरपूर कौतुक केलं. तू दर महिन्याला पत्र लिहितोस असंही सांगितलं. पुढच्या खेपेला आला की तो आठवणीने विचारायचा, "आलं का पत्र?" आणि मी तुझ्या पत्रातला मजकूर सांगायची. तुझी धाकटी पोहायला शिकते आहे. तुमच्याकडे खूप बर्फ पडलं. तुला मुलगी आहे की मुलगा, हेही मला माहीत नाही.

हे वकीलबाईला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं.

ताई


२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

पाकीट मिळालं.

पोस्टमनच्या हातात तुझं अक्षर दिसलं तेव्हा मी अशी लगबगीने धावले की चप्पल जिन्यात राहिली. पाकीट उघडलं, आत प्रतिज्ञापत्र. दोन पानं, शिक्का, सही. मग मी पाकिटात पुन्हा पाहिलं. उलटं करून झटकलं. प्रकाशात धरलं. बाकी काही नव्हतं.

तरी मी तक्रार करणार नाही. अकरा वर्षांनी तू माझ्याविषयी दोन पानं लिहिलीस. भाषा कोर्टाची आहे, चालेल. मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू मला वेडी म्हणशील.

वकीलबाई तर आनंदाने उडालीच. ती म्हणते, याच्यापुढे सरकारकडे काही उरत नाही. ठसा कुठूनतरी आला, तुम्ही काम केलं, तुम्ही कोणाला पाहिलं नाही. तुम्ही फक्त गप्प बसायचं, उरलेलं मी बोलते. मी तिला विचारलं, "माझ्याकडे कोणीच आलं नाही असं म्हणायचं?" ती म्हणाली, "अगदी कोणीच नाही. तुमच्या खोलीत वर्षानुवर्षं कोणी पाऊल टाकलेलं नाही." सगळ्या शेजाऱ्यांनी पोलिसांना हेच सांगितलं आहे म्हणे: बाई एकटी असते, तिच्याकडे कोणी येत नाही. पुरावा भक्कम आहे.

तुझ्या प्रतिज्ञापत्रातलं एक वाक्य मला पाठ झालं आहे. "माझ्या बहिणीने माझ्याबरोबर काम केलेल्या चौदा वर्षांत एकाही पेशंटशी प्रत्यक्ष संबंध ठेवलेला नाही, तसा तिचा स्वभाव नाही." हे लिहिताना तुला ती मुख्याध्यापिका आठवली असणार. तू शपथेवर धडधडीत खोटं लिहिलंस, तेही परवाना असलेला डॉक्टर असून. उघडकीला आलं तर तुझा दवाखाना जाईल. हे सगळं कळून तू सही केलीस.

ती सही पाहून मी रडले. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी शिक्क्याच्या कागदावर रडणारी दुसरी बाई नसेल.

तुझी
ताई


१७ एप्रिल

प्रिय धाकट्या,

कालपर्यंत मी सुटलेच होते. आता जे लिहिते ते नीट वाच.

खटला मुळात कशाचा आहे हे मी तुला आजवर सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मूळ गुन्हा असा. एका गॅरेजवाल्याने टोळीविरुद्ध तक्रार केली होती. पोलिसांनी त्याला बजावलं होतं की मुक्याचा फोन आला तर भेटायला जाऊ नकोस. मुक्याचं बोबडं बोलणं त्याला ठाऊक होतं, तरुणपणी दोघं एकाच गल्लीत राहायचे. गेल्या ऑगस्टमध्ये त्याला फोन आला. बोलणारा सभ्य, स्वच्छ बोलणारा; म्हणाला, मी विमा कंपनीचा, तुमच्या जळालेल्या गाडीची पाहणी करायची आहे, सकाळी सात वाजता या. तो विश्वासाने गेला. परत आला नाही.

त्याची बायको रोज कोर्टात दुसऱ्या रांगेत बसते. मांडीवर कापडी पिशवी. दुपारी सगळे खायला बाहेर जातात तेव्हा ती तिथेच बसून राहते. महिनाभर आम्ही एकमेकींपासून चार खुर्च्यांवर बसलो आहोत, बोललो नाही.

मुक्याच्या वकिलाचा सगळा बचाव त्या आवाजावर आहे. माझा अशील बोबडा, सगळं शहर जाणतं. फोनवरचा माणूस स्वच्छ बोलतो. म्हणजे तो हा नव्हे. सरकारी वकील म्हणाले, कवळी घालून स्वच्छ बोलत असेल. मग काल न्यायाधीशांनी ती कवळी आणवली, पुराव्याच्या पाकिटातून काढून धुऊन घेतली, आणि त्याला घालायला लावून एक उतारा वाचायला सांगितला.

तो बोबडं बोलला. आधी होता त्याहून बोबडं. कोणीतरी मागे हसलं. तज्ज्ञ म्हणून आलेल्या डॉक्टरने सांगितलं की असं होतं, कवळी लावूनही बऱ्याच जणांचं बोलणं सुधारत नाही.

धाकट्या, माझी कवळी होती ती. पाच महिने खरवडलेली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो प्रत्येक वेळी जीभ मुद्दाम दातांच्या मधून बाहेर काढत होता. बोबड्या माणसाची जीभ अशी जात नाही. ती जागा शोधत चुकते. याची जीभ जागा ओळखून टाळत होती. त्या अख्ख्या दालनात हे कळणारी मी एकटी. वाचता वाचता त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे दुपारी यायचा तेव्हा पाहायचा तसंच, म्हणजे बरोबर जमलं का असं विचारत.

मग गॅरेजवाल्याच्या फोनमध्ये आपोआप नोंदली गेलेली ध्वनिफीत लावली. "नमस्कार. सकाळी सात वाजता सोयीचं पडेल ना? सगळी कागदपत्रं सोबत असू द्या, साहेब." एकही स ढळला नाही. मला लाज वाटते लिहायला, पण पहिल्या क्षणी मला काय वाटलं माहीत आहे? बाबांनी ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या क्षणी दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईने पिशवी तोंडावर धरली.

ताई


१८ एप्रिल

धाकट्या,

एक राहिलं आहे, ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

तो कोण आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी तुला लिहिलं होतं. तिसऱ्या खेपेपासून माहीत होतं.

प्लास्टर सांडू नये म्हणून टेबलावर मी जुने पेपर अंथरते. गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका सकाळी मी पान उलगडलं आणि त्यावर त्याचा फोटो होता. दात नसलेला, गाल आत गेलेले, पण जबडा मी ओळखणार नाही का? खाली सगळं लिहिलं होतं. त्याची माणसं काय करतात, कोणाकोणाचं काय केलं. ठाणं माझ्या दारापासून चालत सात मिनिटांवर आहे. मी पातेल्यात प्लास्टर कालवून ठेवलं होतं, ते घट्ट व्हायला लागलं होतं. मी ते त्या फोटोवर ओतलं.

त्या दुपारी तो यायचा होता. मी केस विंचरले.

मी कोणाला भ्याले नाही. कोणी धमकावलं नाही, कोणी काही देऊ केलं नाही. वकीलबाई म्हणते, धमकी होती असं म्हणा, चालेल. पण तसं नव्हतं. मी ठाण्यात गेले असते तर तो यायचा थांबला असता, बस. पंधरा दिवसांतून एकदा दुपारी तीनला दार वाजायचं, ते वाजलं नसतं. एवढ्यासाठी मी गप्प बसले, आणि त्याला बोलायला शिकवत राहिले, आणि ते बोलणं ऐकून एक माणूस सकाळी सात वाजता घरातून निघाला.

आता मी गप्प बसले तर मी सुटते आणि तोही सुटतो. कवळी घालून तो स्वच्छ बोलायचा हे सांगू शकेल असं दुसरं कोणी नाही.

तुझं प्रतिज्ञापत्र सोबत परत पाठवते आहे. कोर्टात अजून दाखल झालेलं नाही, त्याची मी खात्री केली. ते जाळून टाक. मलाच फाडायचं होतं, पण सहीपाशी आले की हात थांबायचा. तू माझ्यासाठी खोटं बोललास हे मी मरेपर्यंत जपून ठेवीन, पण कागद तुझ्याकडे असू दे.

वकीलबाई चिडली आहे. ती म्हणाली, "आ बैल मला मार, असं कोणी करतं का हो?" मग दाढ धरून बसली. मी म्हटलं, ती दाढ आधी दाखव कोणालातरी, बाकी बघू.

ताई


६ मे

प्रिय धाकट्या,

झालं.

मी उभी राहून सगळं सांगितलं. केव्हा आला, किती वेळा आला, कोणत्या महिन्यात कोणता आवाज सुटला. जुलैच्या शेवटाला तो अडखळल्याशिवाय बोलायला लागला होता, फोन ऑगस्टमधला. न्यायाधीशांनी मला कवळी हातात दिली तेव्हा मी पुढच्या दातांमागची जागा दाखवली आणि सांगितलं, इथे जीभ टेकली की बोबडं बोलणं कठीण आहे, तो मुद्दाम टेकवत नाही. मग पुन्हा त्याला कवळी घालायला लावली आणि मीच त्याला म्हटलं, नेहमी म्हणायची तसं, "हं, पुन्हा म्हणा. जीभ आत." त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने तोंड मिटून घेतलं आणि शेवटपर्यंत उघडलं नाही. त्याने ते वाचून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं की वाईट, मला सांगता येत नाही.

त्याचा वकील माझ्यावर तुटून पडला. "म्हणजे तुम्हाला तिसऱ्या खेपेपासून माहीत होतं?"

"हो."

"तरी तुम्ही त्याला येऊ दिलंत? का?"

मी म्हटलं, "माझ्याकडे दुसरं कोणी येत नव्हतं."

दालनात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी टंकलेखकाला हे घ्या म्हणून खूण केली, आणि त्याने ते कोर्टाच्या भाषेत टाइप करून मोठ्याने वाचून दाखवलं: "आरोपी क्रमांक सात हिच्याकडे अन्य कोणीही येत नसे." तो वाचत असताना मला खाली बघावंसं वाटलं, पण मी समोर बघितलं.

त्याला जन्मठेप झाली. मला तीन वर्षं. वकीलबाई म्हणते, खरं बोलल्यामुळे कमी झाली, नाहीतर सात होती. खरं बोलले नसते तर शून्य होती, हे ती म्हणाली नाही. पोर चांगली आहे.

बाहेर पडताना गॅरेजवाल्याची बायको दाराशी उभी होती. मला वाटलं, थुंकेल, किंवा काही बोलेल. ती माझ्याकडे फक्त बघत होती. मी हात जोडले. तिने जोडले नाहीत. जोडायला हवे होते असं माझं म्हणणं नाही.

इथे मी आठवड्यापूर्वी आले. आमच्या खोलीत अकरा बायका आहेत. तिघींना कवळीची गरज आहे, दोघींना ते मान्य नाही. एवढ्या माणसांत मी लहानपणानंतर कधी झोपलेले नाही. तरी पहिल्या दुपारी तीन वाजता माझी मान आपोआप दाराकडे वळली.

आल्या आल्या एक फॉर्म भरून घेतात. भेटीला येऊ शकतील अशा माणसांची नावं लिहायची, तीन रकाने असतात. त्यात नाव नसेल तर दारातून आत सोडत नाहीत. लिहून घेणारी शिपाईबाई घाईत होती. मी पहिल्या रकान्यात तुझं नाव लिहिलं, पुढे नातं, पत्ता. ती म्हणाली, "पुढचं?" मी म्हटलं, एवढंच. ती म्हणाली, "बाई, हा पत्ता तर परदेशातला आहे. हे येणारेत का?" मी म्हटलं, तुम्ही लिहून घ्या.

तुला न विचारता लिहिलं आहे. गुरुवारी दुपारी दोन ते चार भेट असते. तुला राग आला असेल, तर रागवायला ये.

तुझी
ताई